खाणीनंतरची भूमी : मृदा आणि वनश्री यांचे पुनरुज्जीवन

खनिजांवाचून आजचे जीवन चालणे अशक्य आहे. पोलादासाठी मँगनीज लागते, विजेसाठी कोळसा लागतो. आणि या दोन्ही खनिजांचे साठे विदर्भात आहेत. नागपूर-भंडारा पट्ट्यात मँगनीजचे आणि वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळशाचे उत्खनन अनेक पिढ्यांपासून होत आले आहे. खनिज संपले की यंत्रे निघून जातात; मागे उरतात खोल खड्डे आणि दगडमातीचे डोंगर. पावसाळ्यात या डोंगरांवरील गाळ लगतच्या शेतांत व नाल्यांत वाहून येतो, उन्हाळ्यात धूळ उडते. म्हणून या भूमीचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न भोवतालच्या गावांच्या उपजीविकेचा आहे.

मृदा म्हणजे काय?

दगडाचा भुगा म्हणजे मृदा नव्हे. खडकाची झीज, कुजलेला पालापाचोळा, हवा, ओल आणि असंख्य सूक्ष्म जीव यांच्या दीर्घ सहवासातून मृदा घडते. तिचा एक सेंटीमीटर जाडीचा थर तयार होण्यास शेकडो वर्षे लागू शकतात. उघड्या खाणीत खनिजापर्यंत पोहोचण्यासाठी वरचा सारा थर काढून बाजूला टाकला जातो. या ढिगाऱ्यात खोलवरचे दगड, मुरूम व चिकणमाती वर येतात आणि सुपीक माती खाली गाडली जाते. अशा ढिगाऱ्यात नत्र व सेंद्रिय पदार्थ अत्यल्प असतात, पाणी टिकत नाही आणि उपयुक्त जिवाणू जवळजवळ नसतात. कोळशाच्या काही खाणींत पायराइट हे गंधकयुक्त खनिज असते. हवा व पाणी लागताच त्यापासून आम्ल तयार होते व माती अधिकच प्रतिकूल बनते. तेथे चुना मिसळावा लागतो.

पुनरुज्जीवनाचा क्रम

हे कार्य खाण बंद झाल्यावर नव्हे, ती उघडताना सुरू व्हावयास हवे. वरची सुपीक माती वेगळी काढून ठेवणे ही पहिली पायरी होय. ती उंच ढिगात फार काळ राहिली, तर आतील भागास हवा मिळत नाही व तिच्यातील जीवसृष्टी क्षीण होते. म्हणून ढीग कमी उंचीचा असावा, त्यावर गवत वाढू द्यावे आणि माती शक्य तितक्या लवकर वापरावी. दुसऱ्या पायरीत ढिगाऱ्याचा उतार सौम्य करून पायऱ्या आखतात व पाण्यास वाट करून देतात. तिसऱ्या पायरीत गवत व द्विदल वनस्पती येतात. गवताची मुळे माती धरून ठेवतात, द्विदलांच्या मुळांवरील गाठींतील रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र मातीत आणतात. वृक्षांची लागवड त्यानंतर फलदायी ठरते.

गुमगावचा प्रयोग

नागपूर जिल्ह्यातील गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजेच 'नीरी'ने, केलेला प्रयोग या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. तेथे केवळ रोपे लावण्यात आली नाहीत. साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, ज्यास प्रेसमड म्हणतात, तो ढिगाऱ्यात मिसळून सेंद्रिय पदार्थांची उणीव भरून काढण्यात आली. नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मुळांशी सहजीवनाने राहणारी मायकोरायझा बुरशी रोपांस देण्यात आली. या बुरशीचे सूक्ष्म धागे मुळांच्या आवाक्याबाहेरचे पाणी व स्फुरद झाडापर्यंत पोहोचवतात. साग, शिसम, कडुनिंब, बांबू यांसारख्या जाती ओसाड ढिगाऱ्यावर रुजल्या. एका उद्योगाचा टाकाऊ पदार्थ दुसऱ्या उद्योगाने उजाड केलेल्या भूमीस उपयोगी पडला, हेही येथे लक्षात घ्यावे.

हिरवेपणा आणि पुनरुज्जीवन

ढिगारा हिरवा दिसला म्हणजे भूमी सावरली, असे मात्र नाही. चंद्रपूर परिसरात खाणींच्या जुन्या ढिगाऱ्यांवर वेडी बाभूळ माजलेली आढळते. ती दुष्काळात तग धरते. परंतु तिच्या दाट काटेरी जाळीत इतर वनस्पतींना वाव राहत नाही, आणि मनुष्यवस्तीच्या निकट वाघ-बिबट्यांना आडोसा मिळतो. खरी कसोटी मातीची आहे. पालापाचोळा तेथेच कुजतो का, गांडुळे परतली का, न लावलेली स्थानिक रोपे आपोआप उगवतात का, हे पाहावे लागते. त्यास अनेक वर्षे लागतात.

कायद्यानेही ही जबाबदारी मान्य केली आहे. २००३ पासून खनिजांच्या खाणींसाठी खाण बंद करण्याची योजना आगाऊ सादर करणे आवश्यक झाले. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम संपलेल्या जमिनीवर पुन्हा गवत उगवून ती चारा, वनस्पती व प्राणी यांस योग्य करण्याची अट खाणपट्टाधारकांवर घालण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. या अटीचे पालन होते की नाही, हे पाहणारे जाणते नागरिक गावोगावी असणे अगत्याचे आहे.

विद्यार्थ्यांसाठी कृती

विद्यार्थी मित्रांनो, तळाशी छिद्रे असलेले दोन सारखे डबे घ्या. एकात जुन्या झाडाखालची माती, दुसऱ्यात मुरूम भरा. दोन्हींत समान पाणी ओतून खाली किती पाणी गळते, ते मोजा. नंतर दोन्हींत मुगाचे दहा-दहा दाणे पेरा आणि तीन आठवडे नोंदी ठेवा. प्रारंभी दोन्ही डब्यांत अंकुर दिसतील, कारण बीजात स्वतःचे अन्न साठवलेले असते. ते अन्न संपल्यानंतर कोणते रोप वाढते व कोणते पिवळे पडते, ते पाहा. ढिगाऱ्यावरील पहिल्या हिरवळीवर विश्वास का ठेवू नये, याचे उत्तर त्या नोंदींत मिळेल.