गाणं डोळ्यांनी वाचूया : रेकॉर्डच्या कव्हरवरून चित्रवाचन

चित्रवाचनाच्या तासाला आपण मुलांना काय विचारतो? "चित्रात काय काय दिसतं?" मुलं सांगतात, झाड, विहीर, बैल, आजी. फळ्यावर यादी होते आणि तास संपतो. माझ्या मते इथे चित्र मोजून होतं, वाचून होत नाही. जे मूल अक्षरं वाचताना अडखळतं, त्याला खरं तर याच तासाला सगळ्यांच्या पुढे जाता येईल. ती संधी यादीतच जाते. म्हणून आज एक वेगळं चित्र घेऊया, गाण्यांच्या रेकॉर्डचं कव्हर.

पूर्वी रेकॉर्डी साध्या वेष्टनात मिळत. एकीवर जेमतेम काही मिनिटं मावायची, म्हणून चार-पाच एकत्र बांधून फोटोंच्या अल्बमसारख्या विकत. 'अल्बम' शब्द तिथलाच. १९४० साली अमेरिकेत कोलंबिया रेकॉर्ड्सच्या अॅलेक्स स्टाइनवाइसने कव्हरवर खास चित्र आणलं. पुढे एलपी आली, तिचं कव्हर साधारण ३१ सेंमी चौरस. म्हणजे भिंतीवर लावण्याजोगं चित्रच!

आता १९७३चं एक कव्हर पाहा. पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून'. काळी पार्श्वभूमी, मधोमध त्रिकोणी लोलक, डावीकडून पांढरा किरण आत जातो आणि उजवीकडे रंग बाहेर पडतात. बँडचं नाव नाही, कुणाचा फोटो नाही. हिप्नॉसिस या मंडळींची ही कल्पना, चित्र जॉर्ज हार्डी यांनी काढलं.

मुलांना रंग मोजायला सांगा. आपलं 'तानापिहिनिपाजा' म्हणत बोट ठेवलं की गडबड होते, कारण रंग सहाच आहेत! पारवा गायब. "चुकलं का चित्रकाराचं?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. (हे गप्प बसणं आपल्याला जड जातं!) मग कव्हर उघडून आतलं चित्र दाखवा. तेच पट्टे पुढे जातात आणि त्यातल्या एकात हृदयाच्या ठोक्यांची रेघ उठते, दवाखान्यातल्या ईसीजीसारखी. रेकॉर्डची सुरुवात आणि शेवटही ठोक्यांच्याच आवाजाने होतो. आधी चित्र दाखवा, ठोके नंतर ऐकवा. उलट केलंत तर शोधायला काही उरत नाही.

मग कृती. प्रत्येकाने आवडत्या बालगीताचं कव्हर करायचं. अट एकच, गाण्यात नाव आलेली वस्तू काढायची नाही आणि शब्द लिहायचा नाही. पावसाचं गाणं असेल तर थेंब न काढता पाऊस दाखवायचा. कुणी नुसता करडा रंग फासेल, कुणी ओल्या चपला काढेल. चूक-बरोबर म्हणू नका, "हे का काढलंस?" विचारा आणि ते सांगेल तसंच चित्रामागे लिहून ठेवा. पालकांनो, घरीही हे जमेल, पण चित्र सुधारून देऊ नका.

कागद मात्र मोठा, ३० सेंमीचा चौकोनच द्या. वहीच्या पानावर मुलं कोपऱ्यात काढून मोकळी होतात.