विश्वासू कारभारी

विद्यार्थिमित्रहो, आपल्या हातचे द्रव्य देवाचे असून आपण त्याचे केवळ कारभारी आहोत. कारभाऱ्यास हिशेब द्यावा लागतो. म्हणून त्याने तो करावयासही शिकले पाहिजे.

सन २०२४ मध्ये आपल्या शेवगाव तालुक्यात शेअर बाजाराच्या नावाने भरमसाट परताव्याचे आमिष दाखवून ठेवी घेणारे कित्येक जण पसार झाले आणि अनेक कुटुंबांची पुंजी बुडाली. अशा प्रसंगी वर्गातील चक्रवाढ व्याजाचे गणित आठवावे. समजा, दर महिन्यास शेकडा दहा व्याज मिळाले, तर १०० रुपयांचे वर्षात सुमारे ३१४ रुपये होतील. इतका नफा नेमाने देणारा प्रामाणिक धंदा कोणता? अशा योजनांत पहिल्यांना मिळणारा परतावा बहुधा मागाहून आलेल्यांच्या ठेवींतूनच दिलेला असतो. म्हणजे आपला लाभ ती शेजाऱ्याची हानी होय. आणि शेजाऱ्यावर प्रीती करणे ही तर प्रभूची आज्ञा आहे.

उतावळेपणाने मिळविलेले धन ओसरते व श्रमाने जमविलेले वाढते, असा नीतिसूत्रांच्या तेराव्या अध्यायाचा बोध आहे. यास्तव पालकांनी घरी जमाखर्चाची वही ठेवावी व मुलांकडून ती लिहवून घ्यावी. प्रथम देवाचा भाग, मग देणे, मग घरखर्च. आणि शिल्लक, थोडी का होईना, टपाल कार्यालयाच्या बचत खात्यात घालावी. थोडक्यात विश्वासू राहणाराच पुष्कळाविषयीही विश्वासू ठरतो.