संगणकाचा पायथन वेगळा, आपला वेगळा

चि. मैत्रेयीस,


तुमच्या प्रकल्पासाठी पायथन बसवायचं काम तुझ्यावर आलंय. तुझ्याकडे उबुंटू, दोघी मैत्रिणींकडे विंडोज, एकीकडे मॅक. हे काम किरकोळ समजू नकोस. इथे घोळ राहिला, तर दोष बसवण्यात असतो आणि आपण तो कोडमध्ये शोधत बसतो.

एक गोष्ट पक्की धर: संगणकाचा पायथन वेगळा, आपला वेगळा. उबुंटूची स्वतःची कितीतरी साधनं पायथनवर चालतात, म्हणून तो आधीपासूनच असतो; 24.04 मध्ये 3.12 आहे. जुना वाटला तरी तो काढू नकोस, त्याच्या जागी दुसरा आणू नकोस. टर्मिनल उघडेनासं होऊ शकतं. सुडो लावून पिपने त्यात पॅकेजेस टाकू नकोस. हल्ली पिप स्वतःच अडवतो आणि ती अडवणूक मोडायचा मार्गही सांगतो. त्या वाटेला जाऊ नकोस. ॲप्टमधून व्हेनव्हचं, म्हणजे प्रकल्पापुरत्या वेगळ्या पायथनचं, पॅकेज घे, प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये व्हेनव्ह तयार कर आणि हवं ते त्यातच टाक.

विंडोजवर नेहमीचा इन्स्टॉलर वापरलात, तर पहिल्याच खिडकीत पाथमध्ये जोडण्याचा चौकोन असतो. त्यावर आधीपासून टिक नसते, ती करायला सांग. एकाहून जास्त आवृत्त्या असतील, तर ‘पाय’ या कमांडपुढे आवृत्तीचा आकडा देऊन हवी ती निवडता येते. मॅकवर होमब्रूने बसवलेला पायथन इतर पॅकेजांबरोबर नकळत पुढे सरकू शकतो. म्हणून मैत्रिणीला पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरचा इन्स्टॉलर घ्यायला सांग.

आता अपडेटचं. आवृत्तीतला तिसरा आकडा बदलला, तर त्यात बहुतेक दुरुस्त्याच असतात. त्या लवकर घ्याव्यात. दुसरा आकडा बदलला की थांबायचं. अशी नवी आवृत्ती दर ऑक्टोबरात येते. तिच्यासाठी नवं व्हेनव्ह करायचं, चाचण्या चालवायच्या आणि मगच प्रकल्प हलवायचा. 2023 मध्ये आलेल्या 3.12 मधून पॅकेजेस बसवण्यासाठी लागणारं डिस्टयुटिल्स काढून टाकलं, तेव्हा त्यावर विसंबलेली जुनी पॅकेजेस बसेनाशी झाली.

पण थांबणं म्हणजे टाळणं नव्हे. पायथन 3 डिसेंबर 2008 मध्ये आला आणि पायथन 2 चा आधार 1 जानेवारी 2020 ला संपला. एवढी वर्षं मिळूनही अनेकांनी बदल शेवटपर्यंत ढकलला आणि मग एकदम सगळं अंगावर आलं. आताच्या आवृत्त्यांना साधारण पाच वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. त्या मुदतीच्या आत शांतपणे पुढे जायची सवय आत्ताच लाव.

चौघींनी एकच आवृत्ती ठरवा, ती रीडमीत लिहा आणि पॅकेजांची यादी आवृत्त्यांसकट गिटमध्ये ठेवा. व्हेनव्ह मात्र गिटमध्ये टाकू नका. मग प्रत्येकीने आपलं व्हेनव्ह पुसून, नुसत्या त्या यादीवरून पुन्हा उभं करून पाहावं. चारही संगणकांवर प्रकल्प चालला, की कोड लिहायला बसा.

तुझी,
मावशी