मुलाकडे इटलीला: संत मोनिकाच्या वाटेने



आपल्या धर्मग्रामातील काही मुले-मुली आज शिक्षणासाठी इटलीत आहेत. कोणी मिलानला, कोणी तुरीनला, कोणी रोमला. एखाद-दोन वर्षे झाली की आई-बाबांनाही मुलाकडे जाऊन यावेसे वाटते. व्हिसा होतो, विमा होतो, सुके बोंबील आणि बॉटल मसाला बॅगेत जातो आणि निघण्याआधी माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो, “फादर, तिकडे काय काय पाहायचं?”

व्हॅटिकन, कलोझियम, व्हेनिस ही यादी मुलाकडे तयार असतेच. ती पाहाच. या रविवारच्या पाठात मात्र मी तुमच्याबरोबर एक सोबतीण देणार आहे. सोळाशेपेक्षा अधिक वर्षांपूर्वी एक विधवा आई समुद्र ओलांडून आपल्या मुलाकडे इटलीत आली. ती संत मोनिका आणि तो मुलगा संत ऑगस्टीन. या दोघांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो ती अशी: आई रडली, मुलगा सुधारला, दोघे संत झाले. एवढ्यावर सोडली तर गोष्ट फार सोपी होते आणि आपल्या घरच्या प्रश्नांना तिचा उपयोग होत नाही. दोघे इटलीत एकत्र कसे राहिले, हे पाहण्यासारखे आहे.

ऑगस्टीनचा जन्म इ.स. ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेत तागास्ते येथे झाला. हे गाव आजच्या अल्जीरियात येते. बाप पात्रिशियस याची थोडीशी जमीन होती, पैसा बेताचा. मुलगा हुशार, पण पुढच्या शिक्षणाला पैसे नाहीत म्हणून त्याला सोळाव्या वर्षी वर्षभर घरी बसावे लागले. मग बापाने काटकसर केली, गावातील एका श्रीमंत गृहस्थाने हात दिला, आणि मुलगा शिकायला कार्थेजला गेला. मुलाच्या फीसाठी जमिनीचा तुकडा विकणाऱ्या किंवा बँकेचे कर्ज काढणाऱ्या पालकांना हे काही नवीन वाटणार नाही.

मुलगा शिकला, पण श्रद्धेपासून दूर गेला. तो मानी पंथाच्या नादी लागला आणि नऊ वर्षे त्यातच राहिला. मोनिकाने सुरुवातीला काय केले? त्याला आपल्या घरात राहू देईना, एका टेबलावर जेवू देईना. पुढे तिने ते सोडले आणि त्याला परत घरात घेतले. हा बदल लक्षात ठेवा, त्याकडे आपण पुन्हा येऊ.

इ.स. ३८३ मध्ये ऑगस्टीनने रोमला जायचे ठरवले. आई बंदरापर्यंत मागोमाग आली. एक तर तू थांब, नाही तर मला ने, असा तिचा हट्ट. तेव्हा तो तिच्याशी खोटे बोलला. मित्राला निरोप द्यायला आलोय, वारा सुटला की तो जाईल, असे सांगून त्याने तिला जवळच्या संत सिप्रियनच्या प्रार्थनास्थळात रात्र काढायला लावली. आई आत प्रार्थना करत होती आणि मुलगा जहाजात बसून निघून गेला. सकाळी किनारा मोकळा होता. रोमला पोहोचताच तो तापाने मरणाच्या दारात गेला, हे आईला कळलेसुद्धा नाही. त्याने शिकवणी सुरू केली तर रोमचे विद्यार्थी फी देण्याची वेळ आली की टोळीने दुसऱ्या शिक्षकाकडे पळत! पुढच्या वर्षी त्याला मिलानला वक्तृत्वशास्त्राच्या शिक्षकाची सरकारी जागा मिळाली. आणि ३८५ मध्ये आई तेथे येऊन पोहोचली. वाटेत वादळ झाले तेव्हा घाबरलेल्या खलाशांना तिनेच धीर दिला म्हणे.

शनिवारचा उपवास

मिलानला आल्यावर मोनिकापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो उपवासाचा. तिच्या ओळखीच्या ख्रिस्तसभेत शनिवारी उपवास करत, मिलानमध्ये करत नसत. आता काय करावे? ती बेचैन झाली. आणि आईचा हा प्रश्न घेऊन बिशप अँब्रोज यांच्याकडे कोण गेले? ऑगस्टीन! त्याचा अजून बाप्तिस्मा झालेला नव्हता. अशा गोष्टींची आपल्याला तेव्हा पर्वाही नव्हती, हे त्याने स्वतःच पुढे एका पत्रात लिहिले आहे. तरी आईसाठी तो गेला. अँब्रोज यांनी सांगितले की मी रोमला असतो तेव्हा शनिवारी उपवास करतो, येथे असतो तेव्हा करत नाही. ज्या ठिकाणी जाल तेथील ख्रिस्तसभेची रीत पाळा. मोनिकाने ते मानले.

तसेच दुसरे. आफ्रिकेच्या रीतीप्रमाणे ती टोपलीत भाकरी, पेज आणि द्राक्षारस घेऊन रक्तसाक्षींच्या कबरींकडे निघाली. द्वारपालाने अडवले, बिशपांची मनाई आहे म्हणाला. तिने वाद घातला नाही. आमच्याकडे असेच करतात, असेही म्हटले नाही. टोपली घेऊन ती परत फिरली, आणि पुढे टोपलीऐवजी प्रार्थनेने भरलेले हृदय घेऊन जाऊ लागली. मुलगा हे पाहत होता. ज्या आईला तो हट्टी समजत होता, ती परक्या शहरात शिकायला तयार होती. माझ्या मते अँब्रोज यांच्या प्रवचनांइतकेच हे पाहणेही त्याच्या कामी आले असावे.

मिलानला मुलाकडे जाणाऱ्या आईला आजही मोनिकाचाच प्रश्न पडू शकतो. तेथील बहुतेक चर्चमध्ये अँब्रोज यांच्या नावाचा वेगळा उपासनाविधी चालतो. राखेचा बुधवार तेथे नाही; प्रायश्चित्तकाळ त्यानंतरच्या रविवारी सुरू होतो. प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी मिस्सा होत नाही. शांतीचे चिन्ह अर्पणाच्या आधीच देतात आणि श्रद्धेचा अंगीकार अर्पणानंतर करतात. आगमनकाळ चार आठवड्यांचा नसून सहा आठवड्यांचा असतो. तेव्हा, “हे लोक मिस्सा बरोबर करत नाहीत,” असे मुलाच्या कानात पुटपुटू नका. त्यालाच विचारा, इथे असे का करतात? त्याला माहीत नसेल तर तो शोधून सांगेल.

रविवारी कळते

आणि येथेच खरी अडचण आहे. पुष्कळ आई-बाबांना मुलाची खोली, कॉलेज, मित्र सगळे पाहून आनंद होतो आणि मग पहिला रविवार येतो. “मिस्सा किती वाजता?” असे आई विचारते आणि मुलगा मोबाईलमध्ये बघू लागतो. चर्च घरापासून दोन गल्ल्या पलीकडे असते, पण त्याला ते माहीत नसते. आईला त्या क्षणी सगळे कळते.

काय करावे? त्याच दिवशी, त्याच रस्त्यात हिशेब मांडू नये असे मला वाटते. तुम्ही पंधरा दिवसांसाठी आला आहात. भांडणात चार दिवस गेले तर उरले अकराच. पण काही कळलेच नाही असेही दाखवू नये, तेही एक प्रकारचे खोटेच. मोनिकाने दार बंद करून पाहिले होते, आणि मग उघडले. दार उघडले म्हणून तिने मुलाच्या चुकीला बरोबर म्हटले नाही. ती प्रार्थना करत राहिली, आणि तिने त्याच्यासाठी एका बिशपाचे अक्षरशः डोके खाल्ले. तुम्ही मुलाला एवढेच म्हणा, “मला मिस्साला जायचंय, रस्ता माहीत नाही, भाषा येत नाही, तू चल.” ज्याला स्वतःला पर्वा नव्हती तो ऑगस्टीनही आईसाठी बिशपांकडे गेलाच ना?

मुलांनाही दोन शब्द. तुम्ही कॉलेज सांभाळून आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता, स्वतः शिजवता, परक्या भाषेत ऑफिसांच्या रांगा लावता. थकवा मला कळतो. पण आई-बाबा आले की त्यांना रविवारी चर्चपर्यंत नेऊन स्वतः बाहेर कॉफी पीत बसू नका, आत बसा. तुमची श्रद्धा थंडावली असेल तर ते घरी सांगण्याचे धैर्य ठेवा; बंदरावरची ती रात्र पुन्हा घडवू नका. आणि बाबा प्रत्येक युरोचे रुपये करून दाखवतात म्हणून चिडू नका. तो हिशेब त्यांनी तुमच्या फीसाठी अनेक वर्षे केला आहे.

चौथी आज्ञा मोठ्या मुलांना कशी लागू होते, याविषयी ख्रिस्तसभेची धर्मशिकवण स्पष्ट आहे (क्र. २२१७). मूल स्वतंत्र झाले की आज्ञापालनाचे बंधन संपते. आदराचे कधीच संपत नाही. पालकांसाठीही एक क्रमांक आहे (२२३०): व्यवसाय किंवा जोडीदार निवडताना मुलांवर दबाव आणू नये, सल्ला जरूर द्यावा. मोनिका याबाबतीत आदर्श नव्हती, हे सांगायला हरकत नाही. मिलानमध्ये तिने मुलाचे लग्न ठरवण्याचा खटाटोप केला. पंधराएक वर्षे त्याच्याबरोबर राहिलेल्या, त्याच्या मुलाच्या आईला आफ्रिकेत परत पाठवले गेले. ते ठरवलेले लग्नही शेवटी झाले नाही. परत गेलेल्या त्या बाईचे नावसुद्धा आपल्याला माहीत नाही. संतांकडूनही सर्वच गोष्टी घ्यायच्या नसतात.

आईचा प्रश्न

तत्त्वज्ञानाच्या वर्गात मला मोनिकाचा एक प्रसंग फार आवडायचा. ३८६ च्या शरद ऋतूत ऑगस्टीनने नोकरी सोडली आणि मिलानजवळच्या कासिचियाकुम येथे मित्राच्या घरी तो आई, मुलगा आणि काही शिष्यांसह राहिला. रोज चर्चा व्हायच्या आणि लेखनिक त्या लिहून घ्यायचा. घर मोनिका सांभाळायची. एकदा ती आत आली आणि चर्चा कुठवर आली असे तिने विचारले. ऑगस्टीनने तिचा प्रश्नही लिहून घ्यायला सांगितला. ती म्हणाली, हे काय चालवलेय तुम्ही, तुमच्या त्या पुस्तकांत बायका कधी बोलल्याचे ऐकले आहे का? त्याने तिला समजावले की तत्त्वज्ञान म्हणजे ज्ञानावरचे प्रेम, आणि ते तुझ्यात माझ्यापेक्षा कमी नाही. मुलाचा विषय आपल्याला काय कळणार म्हणून पुष्कळ आई-बाबा प्रयोगशाळेच्या दारातच थांबतात. आत जा, विचारा. मुलाला तुमच्या भाषेत सांगता आले नाही तर त्यालाही कळेल की आपण अजून नीट शिकलेलो नाही.

आता पाहण्याची ठिकाणे. मिलानच्या भव्य कॅथेड्रलच्या खाली उत्खननात सापडलेले जुने आठकोनी बाप्तिस्मागृह आहे. ३८७ च्या पास्काच्या रात्री, २४-२५ एप्रिलला, अँब्रोज यांनी ऑगस्टीनला व त्याच्या मुलाला तेथे बाप्तिस्मा दिला. वरची गच्ची पाहायला सगळे जातात, खाली थोडेच उतरतात. अँब्रोज यांचे अवशेष त्यांच्याच नावाच्या बॅसिलिकेत आहेत. ऑगस्टीनचे अवशेष पाविया गावात आहेत, मिलानहून रेल्वेने अर्ध्या तासावर.

रोमला गेलात तर सेंट पीटर्समध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. साडीतल्या आईची काळजी नाही, हाफ पँटमधल्या मुलाची आहे. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेले पोप लिओ चौदावे हे संत ऑगस्टीनच्या संघाचे आहेत. बुधवारच्या त्यांच्या सार्वजनिक भेटीला पैसे लागत नाहीत, हेही लक्षात असू द्या. आणि नवोना चौकाजवळच्या संत ऑगस्टीन चर्चमध्ये अवश्य जा. मोनिकाचे अवशेष १४३० पासून रोमला आहेत आणि तिची कबर याच चर्चमध्ये आहे. याच चर्चमध्ये काराव्हाज्जोचे एक चित्रही आहे: दारात उभी पवित्र मरिया, हातात बाळ येशू, समोर गुडघे टेकलेले दोन गरीब यात्रेकरू, एक पुरुष आणि एक म्हातारी बाई. पुरुषाचे चिखलाने भरलेले तळवे थेट आपल्या डोळ्यांसमोर येतात. दिवसभर चालून पाय दुखत असतील तर तेथे थोडा वेळ बसा.

वेळ असेल तर रोमहून लोकलने अर्ध्या तासावरच्या ओस्तिया अँतिकाला जा. ३८७ मध्ये आफ्रिकेला परतण्यासाठी आई आणि मुलगा तेथे जहाजाची वाट पाहत होते. बागेकडे उघडणाऱ्या खिडकीत दोघे टेकून उभे राहिले आणि सार्वकालिक जीवनाविषयी बोलत बोलत जणू त्याला क्षणभर स्पर्श करून आले. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिला ताप आला आणि आजाराच्या नवव्या दिवशी ती वारली. तिचे छप्पन्नावे वर्ष चालू होते. ऑगस्टीनचे तेहतिसावे. गावी नवऱ्याशेजारी तिने आपली कबर तयार ठेवली होती, आणि तिचा त्यात फार जीव होता. शेवटी मात्र तिने मुलांना सांगितले की देह कुठेही पुरा, त्याची चिंता नको. जेथे असाल तेथे प्रभूच्या वेदीशी माझी आठवण ठेवा. तिच्या कबरीवरील लेखाचा एक तुकडा १९४५ साली तेथील संत आउरेया चर्चच्या आवारात सापडला. दोन मुले खेळासाठी खांब रोवायला खड्डा खणत होती, त्यांना!

संत मोनिकाचा सण २७ ऑगस्टला आणि ऑगस्टीनचा दुसऱ्याच दिवशी असतो. त्या दोन दिवसांच्या मिस्सांमध्ये परदेशात शिकणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या आई-वडिलांसाठी प्रार्थना केली जाईल. ज्यांना नावे द्यायची आहेत त्यांनी ती चर्चच्या ऑफिसात द्यावीत. मुलांनी आई-बाबांची नावे फोनवरून कळवली तरी चालेल.