चिमणीची घरघर

प्रश्न : गेल्या दिवाळीत स्वयंपाकघरात चिमणी बसवली. नाव चिमणी, आवाज पिठाच्या गिरणीचा! फोडणी घालताना दाराची बेलही ऐकू येत नाही. कंपनीचा माणूस चारदा येऊन गेला. दर वेळी पाच मिनिटं बटणं दाबतो, 'नॉर्मल आहे काकू' म्हणतो, माझ्या मोबाइलवर आलेला ओटीपी मागतो आणि जातो. मागोमाग मेसेज येतो, तक्रारीचे निवारण झाले. दुकानदार हात वर करतो. काय करू?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : आधी तो ओटीपी देणं थांबवा. चारदा तुम्हीच तक्रार मिटवलीत, असं उद्या कंपनी म्हणेल. जॉबशीटवर सही करावी लागलीच, तर वर स्वतःच्या अक्षरात 'आवाज कायम आहे' लिहा आणि फोटो काढून ठेवा.

मग खोकं शोधा. (माळ्यावर असेलच, आपल्याकडे खोकी कोण टाकतं!) त्यावर किंवा माहितीपुस्तिकेत आवाज किती डेसिबल ते बहुधा छापलेलं असतं. 'नॉर्मल' या शब्दाशी हुज्जत घालण्यापेक्षा त्या आकड्यावर बोट ठेवा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, विक्रेत्याने सांगितलेल्या दर्जात उणीव असणं हाही दोषच. मोबाइल अ‍ॅपवरच्या मोजमापावर मात्र भिस्त ठेवू नका. प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत गेलं, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. ती फी आधी तुम्हाला भरावी लागेल.

त्याआधी पाइपही बघून घ्या. खिडकीच्या ग्रिलमधून काढताना तो चेपलेला असेल किंवा त्याला दोन-तीन वळणं दिली असतील, तर हवा कोंडून घोंघावते. कंपनीच्या माणसाने बसवला असेल तर ती सेवेतली त्रुटी. ओळखीच्या मिस्त्रीकडून बसवून घेतला असेल, तर तुमची बाजू लंगडी पडते.

आता कंपनी आणि दुकानदार, दोघांनाही ईमेल करून १५ दिवसांची मुदत द्या. नाहीच हलले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिला सक्तीचा अधिकार नाही, पण पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. त्यापुढे वांद्रे (पूर्व) इथला मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं ऑफिस कुठेही असो, तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. तारखा त्याहून लांबतात. तेव्हा हेल्पलाइनच्या टप्प्यावर चिमणी बदलून देत असतील तर घेऊन टाका. एका चिमणीपायी दादरला गाडी बदलत वांद्र्याच्या खेपा घालायच्या की नाही, ते मग ठरवावंच लागणार नाही.