क्लिप छोटी, नुकसान मोठं : गाडीच्या पाईपची क्लिप कशी निवडावी?



आज जाळं, बीज आणि बाजारभाव बाजूला ठेवून एका छोट्या वस्तूबद्दल बोलू. रबरी पाईप रेडिएटरच्या किंवा इंजिनच्या नळीवर आवळून धरणारी स्क्रूची पट्टी. कुणी तिला होज क्लॅम्प म्हणतं, कुणी होज क्लिप, आणि गॅरेजमध्ये जुने मिस्त्री अजून जुबली क्लिपच म्हणतात. जुबली हे मूळचं ब्रँडचं नाव. ब्रिटिश नौदलात कमांडर राहिलेल्या लमली रॉबिन्सन यांनी १९२१ मध्ये तिचं पेटंट घेतलं. म्हणजे ही वस्तू आपल्यासारख्या पाण्यावरच्या माणसाच्याच डोक्यातून आली.

विषय का निघाला ते सांगतो. गेल्या उन्हाळ्यात आमची पिकअप इंदिरा सागरकडचा रोहू-कतला भरून खंडव्याहून बुऱ्हाणपूरला येत होती. असीरगडच्या चढावर बोनेटमधून वाफ निघाली. रेडिएटरचा वरचा पाईप निसटला होता. आठवड्यापूर्वीच नवा पाईप टाकला होता, पण क्लिप जुनीच ठेवली, आणि तीही एक माप मोठी. पट्टीचं शेपूट बाहेर आलेलं आम्हाला दिसत होतं. "आवळली आहे ना, चालतंय" म्हणून सोडून दिलं. दुसरी गाडी येईपर्यंत बर्फाचं पाणी झालं आणि निम्मा माल पडेल त्या भावात द्यावा लागला. ड्रायव्हरने लगेच इंजिन बंद केलं म्हणून हेड तरी वाचलं. चूक आमचीच होती. तुमची होऊ नये म्हणून हे लिहितोय.

क्लिप नेमकं काय धरून ठेवते?

उघड्या भांड्यात पाणी १०० अंशाला उकळतं. रेडिएटरचं झाकण आतमध्ये साधारण १ बार दाब धरून ठेवतं, त्यामुळे तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. क्लिप ढिली पडली की पाणी तर जातंच, पण दाबही जातो. मग उरलेलं पाणी लगेच उकळतं, पंपाला वाफ ढकलता येत नाही, हेड वाकतं, गॅस्केट जळतं. सपाट रस्त्यावर आठ दिवस नीट वागलेली क्लिप मे महिन्याच्या उन्हात, भरल्या गाडीत, घाटातच दगा देते, त्याचं कारण हेच.

आधी माप, मग दुकान

नुसतं "रेडिएटरची क्लिप द्या" असं सांगू नका. पाईप नळीवर चढवल्यावर थोडा फुगतो. त्या फुगलेल्या जागेची बाहेरची जाडी मोजायची. व्हर्नियर नसेल तर जाळ्याचा दोरा एक वेढा गुंडाळा, दोरा पट्टीवर मोजा आणि ३.१४ ने भागा. दोरा १३२ मिमी भरला तर जाडी ४२ मिमी.

क्लिपच्या पट्टीवर दोन आकडे ठोकलेले असतात, जसे २५-४०, ३२-५०, ४०-६०. आपलं माप त्या दोन आकड्यांच्या मध्यावर आलं पाहिजे. ४२ साठी ३२-५० बरोबर. २५-४० बसणारच नाही. ४०-६० बसेल, पण तिथेच फसगत आहे. मोठी क्लिप शेवटपर्यंत आवळली की गोल राहत नाही, अंड्यासारखी होते. मग स्क्रूच्या घराच्या दोन्ही बाजूंना फट राहते आणि पाणी तिथूनच झिरपतं. आमच्या गाडीचं हेच झालं.

कुठे कोणती?

१) रेडिएटर आणि पाण्याचे पाईप : स्क्रूची क्लिप चालते. दोन प्रकार मिळतात. एकीच्या पट्टीला आरपार खाचा असतात, दुसरीच्या पट्टीवर दाते नुसते दाबलेले असतात आणि आतली बाजू गुळगुळीत असते. दुसरी घ्या. आरपार खाचांमध्ये मऊ रबर घुसतं आणि कापलं जातं. सिलिकॉनच्या पाईपला तर खाचांची क्लिप लावूच नका.

२) कंपनीची स्प्रिंग क्लिप : पकडीने दाबून काढायची ही क्लिप दिसायला साधी, म्हणून अनेक जण फेकून देतात. तसं करू नका. रबर तापलं की फुगतं, गार झालं की आकसतं. स्प्रिंग त्याच्याबरोबर आपोआप सैल-घट्ट होते. स्क्रूची क्लिप तसं करत नाही. स्प्रिंग गंजली किंवा ढिली झाली असेल तर त्याच मापाची नवी घ्या.

३) डिझेलचा बारीक पाईप : इथे छोट्या नट-बोल्टची, पूर्ण गोल आवळणारी आणि कडा बाहेर वळवलेली क्लिप हवी. रुंद खाचांची क्लिप बारीक पाईपवर गोल बसत नाही. टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या बाजूला क्लिप ढिली असेल तर डिझेल गळताना दिसेलच असं नाही, उलट आत हवा ओढली जाते. सकाळी इंजिन उशिरा सुरू होणं, मध्येच अडखळणं ही त्याची खूण. इंजेक्टर फोडून बघण्याआधी या क्लिपा बघा. पाईपही डिझेलसाठीचाच हवा, पाण्याचा नाही.

४) टर्बोचा हवेचा पाईप : इथे दाबाची गरम हवा असते. रुंद पट्टीची, टी-बोल्टची क्लिप लावा.

५) एअर फिल्टरचा पाईप : साधी क्लिप चालते, पण ढिली नको. फिल्टरच्या पुढे फट राहिली तर रस्त्याची सगळी धूळ गाळल्याशिवाय इंजिनमध्ये जाते आणि पिस्टन-रिंग घासून टाकते.

६) ब्रेकची लाईन आणि इंजेक्टरची दाबाची लाईन : इथे क्लिपचं काम नाही. गळत असेल तर भाग बदलायचा. यात जुगाड करायचा नाही, जीव जातो.

चकाकतं ते सगळं स्टेनलेस नसतं

मासळीच्या गाडीत बर्फाचं खारट-चिकट पाणी सगळीकडे झिरपतं. सुक्या मासळीचं मीठ तर त्याहून वाईट. साधी पॉलिश केलेली लोखंडी क्लिप इथे लवकर गंजते. बाजारात अशाही क्लिपा मिळतात ज्यांची पट्टी स्टेनलेस, पण स्क्रू साधा लोखंडी असतो. पट्टी नवी दिसते आणि स्क्रू गंजून जाम होतो. म्हणून दुकानात चुंबक घेऊन जा आणि स्क्रूला लावून बघा. घट्ट चिकटला तर ती क्लिप आपल्या कामाची नाही. पट्टीवर डब्ल्यू ४ अशी खूण असेल तर पट्टी आणि स्क्रू दोन्ही ३०४ स्टेनलेसचे असतात. आपल्या तापीकाठी एवढं पुरेसं आहे.

कोकणात समुद्रावर ज्यांचे नातेवाईक नाव चालवतात त्यांनी त्यांना डब्ल्यू ५, म्हणजे ३१६ स्टेनलेस घ्यायला सांगा. पाण्याच्या पातळीखाली असलेल्या पाईपला, नळी पुरेशी लांब असेल तर, शेजारी शेजारी दोन क्लिपा लावायच्या. गाडीचा पाईप निसटला तर गाडी थांबते. नावेचा तो पाईप निसटला तर नाव भरते.

बसवताना

- इंजिन पूर्ण गार होऊ द्या. गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका.
- नळीवरचा गंज आणि जुन्या रबराचा थर घासून काढा. पाईपचं टोक चिरलं असेल तर तेवढं कापा, लांबी पुरत नसेल तर पाईप बदला.
- क्लिप आधी पाईपवर सरकवा, मग पाईप नळीवर चढवा. ग्रीस किंवा ऑइल लावू नका, थोडं पाणी लावा.
- नळीच्या तोंडाशी उंच कड असते. क्लिप त्या कडेवर नको, कडेच्या मागे बसवा. पाईपच्या टोकापासून थोडी आत ठेवा.
- स्क्रू असा वळवून ठेवा की नंतर पाना पोहोचेल आणि पंख्याला लागणार नाही.
- बहुतेक क्लिपांना ७ मिमीचा बॉक्स पाना लागतो. मनगटाच्या जोराने आवळा, खांद्याच्या नाही. रबर पट्टीच्या बाजूने वर उसळलं तर जास्त झालं.
- गाडी एकदा तापवून पूर्ण गार झाल्यावर पुन्हा तपासा. नवं रबर दबतं आणि स्क्रू थोडा ढिला पडतो.
- एवढं करूनही गळत असेल तर अजून आवळू नका. माप चुकलंय, पाईप कडक झालाय किंवा नळी खराब आहे.

रस्त्यात पाईप निसटला तर

इंजिन लगेच बंद करा आणि गार होईपर्यंत थांबा. घाईने गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. मग पाईप बसवून क्लिप आवळा, हळूहळू पाणी भरा. बाइंडिंग तार फक्त गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरती. तार एका रेषेत रबर कापते.

आपल्या मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. जाळी विणायला बसतो तशीच त्या दिवसांत एक सकाळ गाडीला द्या. बोनेट उघडा, एकेक क्लिप हाताने हलवून बघा, गंजलेली बदला. गाडीत लागणाऱ्या प्रत्येक मापाच्या दोन क्लिपा आणि ७ मिमीचा पाना कायम ठेवा. रात्रभर पाण्यात राहून आणलेला माल घाटात एका पट्टीपायी जाऊ देऊ नका.

तुमच्या गाडीत कोणती क्लिप त्रास देते ते जरूर कळवा, आणि हे आपल्या ड्रायव्हरला वाचून दाखवा.