पावतीवर नाव कुणाचं आहे, ते आधी बघा

"वहिनींना कन्नड येत नाही, म्हणून फसल्या," असं बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीत माझ्याबद्दल बोललं जातं. मला ते मान्य नाही. मी प्रत्येक वेळी पावती मागितली होती आणि प्रत्येक वेळी एजंटानं ती दिली होती. खोटी पावती हातात ठेवणारा नामानिराळा राहतो आणि बोल घेणारीला लागतो, हे मला अजून सहन होत नाही.

घर सासऱ्यांच्या नावावर. ते गेले, मग आमचे हे गेले, आणि वारसा नोंद राहूनच गेली. आता ई-खात्याशिवाय, म्हणजे महापालिकेच्या मालमत्ता नोंदीच्या ऑनलाइन उताऱ्याशिवाय, खरेदी-विक्रीची नोंदणी होत नाही, त्यामुळं मुलानं घाई केली. शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानचं. घराचा पहिला कागद त्या काळातला, मोडीतला. पुढचे उतारे मुंबई राज्यातले, मराठीत. 1956 नंतरचे हळूहळू कन्नडमध्ये गेलेले. ही चळत घेऊन सरकारी कचेरीच्या खिडकीशी उभं राहिलं की आतला माणूस वर न बघताच म्हणतो, "कन्नडमध्ये आणा." बाहेर चहाच्या टपरीपाशी एजंट उभाच असतो.

"वहिनी, काय काळजी करू नका. महिन्यात होतंय की," असं म्हणून त्यानं 18 हजार रुपये घेतले. सोबत मूळ कागदही नेले. वंशावळ करताना म्हणाला, "नणंदांची नावं कशाला घालताय? त्यांच्या सह्या गोळा करण्यात वर्ष जाईल." मी नाही म्हटलं. माझ्या नणंदांना न विचारता मी काही करणार नव्हते, आणि कायद्यानंही ते चाललं नसतं. वडिलांच्या मालमत्तेत मुलगी 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच वारस आहे. 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेतही तिला मुलाइतका हक्क मिळाला. बहिणी वगळून वंशावळ करा असं सुचवणारा एजंट भेटला, तर तिथूनच परत फिरा. पुढं कोर्टात तुम्ही उभे राहता, तो नाही.

मग सुरू झालं "साहेब रजेवर हायत", "सर्व्हर डाऊन हाय", "फाईल वर गेलीया". एका संध्याकाळी शेजारची मुलगी आली होती. ती कन्नड शाळेत शिकलेली. तिनं एजंटानं दिलेली सकालची, म्हणजे कर्नाटक सरकारच्या ठरल्या मुदतीत सेवा देण्याच्या योजनेची, पावती हातात घेतली, मोबाईलवर क्रमांक घातला आणि गप्प बसली. मग म्हणाली, "मावशी, हा अर्ज तुमचा नाहीच." आरडीनं सुरू होणारा तो पंधरा अंकी-अक्षरी क्रमांक दुसऱ्याच तालुक्यातल्या कुणा पुरुषाच्या उत्पन्नाच्या दाखल्याचा होता, आणि तो दाखला कधीच देऊन झाला होता. माझा अर्ज कुठंच नव्हता. इतके महिने मी तो कागद देवघरातल्या कपाटात जपून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मी टपरीपाशी गेले. मला वाटलं, माणूस ओशाळेल. तो चार लोकांत मोठ्यानं म्हणाला, "बाईंना भाषा येत नाही, गैरसमज झालाय त्यांचा." आणि पाठ फिरवली. पैसे गेल्यापेक्षा हे मला जास्त लागलं. मूळ कागद मुलानं दोनदा जाऊन परत आणले. मोडीतल्या खरेदीखताला टाचणी मारलेली होती आणि चार घड्या पडल्या होत्या.

आता माझ्यासारख्यांसाठी. मूळ कागद कुणालाही देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ फक्त अधिकाऱ्यासमोर दाखवा. अर्ज स्वतः जाऊन द्या. सकालचा क्रमांक तिथंच मागा आणि खिडकी सोडण्याआधी मोबाईलवर तपासा. नाव, विभाग, मुदत, तिन्ही. सकाल कायद्यात येणाऱ्या सेवेची मुदत टळली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं आणि विलंबाच्या प्रत्येक दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500, भरपाई आहे. रक्कम मोठी नाही, पण "फाईल वर गेलीया" हे उत्तर अपिलात चालत नाही.

बायकांनी आणखी एक लक्षात ठेवावं. जिल्हा कायदा सेवा प्राधिकाराकडं बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. 1987 च्या कायद्यात तसं स्पष्ट आहे. मला हे कुणी आधी सांगितलं नाही. गणपत गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयात, 1848 पासूनच्या त्या संस्थेत, पेपर वाचायला येणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी सांगितलं. त्यांनीच सिटी सर्व्हेचा उतारा आणि महापालिकेचा खाता या दोन वेगळ्या नोंदी आहेत, एक झाली की दुसरी आपोआप होत नाही, हेही समजावलं.

निपाणीकरांनी आपला कागद निपाणीत आहे की चिकोडीत, हे आधी विचारून घ्यावं; निपाणी तालुका 2018 ला चिकोडीपासून वेगळा झाला आहे.

आणि एक गोष्ट मी बोलणारच. ज्या भागात पंधरा टक्के लोक दुसरी भाषा बोलतात, तिथं नियम आणि सूचना त्या भाषेतही द्याव्यात, असं भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाच्या तरतुदींत ठरलेलं आहे. बेळगावात मराठी माणूस त्याहून कितीतरी जास्त. अर्ज मराठीत मिळाला असता, तर टपरीवरच्या माणसाकडं गेलंच कोण असतं?

वारसा नोंद झाली आहे, दोन्ही नणंदांच्या सह्यांसकट. 18 हजार परत आले नाहीत. मी पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे आणि पोच घेतली आहे. त्याच टपरीवर तुमचेही पैसे गेले असतील, तर तुम्हीही तक्रार द्या. एकटीची तक्रार पडून राहते.